अर्ध्या क्रेटची चूक

आमच्या रहाटणीच्या घरात कॉम्प्युटर आला दादाच्या हौसेने आणि पडला माझ्या गळ्यात. पुढच्या खोलीतली ज्वारीची कणगी मागे सरकली आणि तिच्या जागी लोखंडी टेबल आलं. आईने मॉनिटरला हळदकुंकू लावलं, पदराला बोटं पुसली आणि दादाला विचारलं, "बाळ्या, ह्ये करतंय काय पर?" दादा ऐटीत म्हणाला, "आई, आख्ख्या कंपनीचा माल मावतो याच्यात." आईने ती पेटी मागून-पुढून न्याहाळली. "मावंना का," ती म्हणाली, "माझी कणगी कुठं मावायची त्येवढं सांग." त्या दिवसापासून कॉम्प्युटरवर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा झाकण म्हणून पडला, आणि खंडेनवमीला नांगराच्या फाळाशेजारी माझ्या फ्लॉप्यांच्या डबीलाही झेंडूचं फूल मिळू लागलं.

दादाचं आणि माझं वाटप सरळ होतं. त्याला तोंड होतं आणि मला बूड होतं. चिंचवडला जाऊन त्याने कोर्स केला खरा, पण दहा मिनिटं खुर्चीत बसला की त्याच्या पायांना मुंग्या यायच्या. मी बारावीनंतर घरी बसलेली. आप्पांचं म्हणणं, "कालिजात पोरं लई टवाळ हायेत, बाहेरनं परीक्षा दे." म्हणून बाहेरून बी. कॉम. करत होते आणि उरलेल्या वेळात दादाची इंग्रजी पुस्तकं, मांडीवर शब्दकोश घेऊन, वाचत होते. दुपारी आई गोठ्यात, आप्पा पारावर. घरात म्हशीच्या साखळीची खळखळ आणि काळेवाडीच्या अंगाने पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या कुठल्याशा प्रेसशॉपचा धप्प, धप्प, धप्प असा आवाज. त्या ठेक्यावर मी कोड लिहायला शिकले. आज त्या गोठ्याच्या जागी बारा मजले उभे आहेत आणि त्यातल्या माझ्या वाट्याला आलेल्या फ्लॅटच्या खिडक्या लावल्या की आत काहीही ऐकू येत नाही. सून म्हणते, "आई, कानात गाणी लावा, मन रमेल." तिला काय सांगू? मला गाणी नकोत, मला तो प्रेस हवाय.

त्या वेळी लहान-लहान कंपन्यांच्या स्टोअरमध्ये एकेक कॉम्प्युटर येऊ लागला होता आणि त्यावर डेटाबेसचं तयार सॉफ्टवेअर असायचं. मालाच्या याद्या त्यात ठेवत. पण गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला माल पाठवायचा तर प्रत्येक क्रेटला छापील टॅग बांधावा लागे. कोणता पार्ट, किती नग, टॅगचा नंबर कितवा. टॅग नसला की टेम्पो गेटवरून परत. मूळ सॉफ्टवेअरला ते टॅग छापता येत नव्हते, म्हणून मी ॲड-इन केला. ॲड-इन म्हणजे एक छोटी फाइल. ती त्या सॉफ्टवेअरला जोडून द्यायची, की त्याला एक नवं काम यायला लागतं. तयार शर्टाला आपण वरून खिसा शिवतो, तसं. दादा फ्लॉपी घेऊन स्कूटरवर निघायचा. भोसरी, मोशी, चाकण. फाइल त्या मशीनवर उतरवायची, सॉफ्टवेअरमधली ॲड-इनची यादी उघडायची, आपली फाइल दाखवायची. नावापुढे एक फुली उमटली की ॲड-इन बसला. पहिल्याच वेळी दादा ती फुली बघून घाबरून घरी परत आला. "नंदे, चुकलंय कायतरी, फुली मारली त्येनं." शाळेत जन्मभर फुल्याच मिळालेल्या माणसाला दुसरं काय वाटणार!

कंपन्यांत सगळ्यांची समजूत होती की हे दादाच करतो, आणि आम्ही ती तशीच राहू दिली होती. घरात बसलेल्या पोरीने केलंय म्हटलं तर कोणी मशीनला हात लावू देणार नाही, असं दादाला वाटायचं. मी कधी भांडले नाही. त्याचा राग मला आत्ता येतो, इतक्या वर्षांनी, भाजी निवडता निवडता. तेव्हा आला असता तर काही उपयोग तरी झाला असता.

पण मी घरी, ॲड-इन चाकणला, मग तिकडे काय बिघडतंय ते मला कळणार कसं? म्हणून मी त्यात एक खिडकी ठेवली होती. कुठे काही अडलं की ती पडद्यावर उघडायची आणि विचारायची: 'चूक झाली तेव्हा आपण काय करत होता? खाली लिहा.' जे लिहिलं जाईल ते कंपनीच्या याद्यांत जायचं नाही. ॲड-इनच्या स्वतःच्या फाइलीत, कोणाला दिसणार नाही असं, साठत राहायचं. दादा शनिवारी फेरीवर गेला की त्या फाइलीची नक्कल फ्लॉपीवर घेऊन यायचा. लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. 'टॅग काढत होतो.' 'काही नाही.' 'माहीत नाही.' भोसरीच्या एका महाभागाने नुसतीच शिवी लिहिली होती, तीही दोनदा. आणि मग चाकणच्या एका कंपनीतून, स्टोअर-तीन नावाच्या मशीनवरून, हे आलं:

'अर्धी क्रेट भरली होती. तिचा टॅग काढायला बसलो. बाहेर ट्रकवाला स्टोव्हवर वांगं भाजत होता, वासानं लक्ष तिकडं गेलं. आमच्याकडं शेतात असंच भाजतात. तेवढ्यात चूक झाली.'

मी आधी हसले. मग पुन्हा वाचलं. मग आई चहाला हाका मारत होती तरी तिसऱ्यांदा वाचलं. काय करत होता असं विचारलं, तर या माणसाने काय करत होता ते सांगितलं होतं! आमच्या घरात कोणालाही, काय चाललंय विचारा, उत्तर एकच: काय न्हाय. मला वाटतं, तोवर मला कोणी इतकं सरळ उत्तर दिलंच नव्हतं. आणि चूकही त्या उत्तरातूनच सापडली. पूर्ण क्रेटमध्ये किती नग मावतात ते यादीतून आपोआप यायचं. क्रेट अर्धी असली की तो रकाना रिकामा राहायचा, आणि रिकाम्या रकान्याचं काय करायचं हे मी कोडला सांगितलंच नव्हतं. एका शब्दाची दुरुस्ती होती. चहा निवायच्या आत झाली असती.

मी ती केली नाही. आज लिहितानाही हात थबकतो, पण खरं तेच आहे. दुरुस्ती केली असती तर ती खिडकी पुन्हा उघडली नसती. मी कोडला हात लावला नाही, फक्त चाकणच्या फाइलीत खिडकीचा मजकूर बदलला: 'चूक झाली. भरीत झालं का?' पुढच्या शनिवारी दादाने नवी फाइल तिथे बसवली. तो तपासायचा ते नेहमी पूर्ण क्रेट घालून, टॅग छापला की खूश. त्यामुळे ती खिडकी त्याने कधी पाहिलीच नाही.

शनिवारी आईच्या मासवड्या असायच्या. पाट्यावर मसाला वाटल्याचा आवाज, रश्श्याला फुटलेली उकळी, ओट्यावर ओळीने कापलेल्या वड्या. दादा दारात चपला काढायचा तोच मी त्याच्या खिशातून फ्लॉपी काढून घ्यायचे. "आगं दम धर, पाणी तर पिऊ दे," तो म्हणायचा. त्याच्या पुढच्या शनिवारी उत्तर आलं: 'झालं. ट्रकवाल्यानं मला पण दिलं. म्हणजे हे कोणीतरी वाचतं तर. आम्हाला वाटलं, आपण लिहितो आणि ते मशीनच्या पोटात जातं.'

असं सुरू झालं. तो मुद्दाम अर्धी क्रेट करू लागला. ती केली की खिडकी उघडते हे त्याला कळलं होतं. मी दर आठवड्याला नवी फाइल करू लागले. दादा कंपन्यांत कौतुकाने सांगायचा, "बहीण... न्हाई, मी लई सुधारणा करतो सॉफ्टवेअरात." माझ्या बाजूला दोनच ओळी मावायच्या. मी लिहिलं, 'चूक झाली. आमची म्हैस व्याली, रेडी झाली. तुमच्याकडे काय?' त्यावर आलं, 'म्हैस व्याल्याचं सांगणारे सर आम्ही पहिल्यांदाच बघितले. तुम्ही बाई आहात का?' मी पुढच्या फाइलीत फक्त 'हो' लिहिलं. एका अक्षरासाठी दादाला मी चाकणपर्यंत पिटाळलं.

तो लातूरकडचा होता. म्हाळुंग्याला एका खोलीत सहाजण, कॉट तीन. एक शिफ्टला गेला की दुसरा त्याच कॉटवर झोपायचा. 'मी उठतो तेव्हा कॉट गरम असते, झोपतो तेव्हा पण गरमच असते,' असं त्याने लिहिलं होतं. मेसची आमटी त्याला गोड लागायची. आईने पाठवलेली तिळाची चटणी तो बोटाने चाटून पुरवायचा. बहिणीला मुलगी झाली, आणि त्याला रजा मिळाली नाही. कंपनीत तो टेम्पररी होता, साहेबांनी पर्मनंट करायचं तोंडी कबूल केलं होतं, आणि पर्मनंट झाला की आईला घेऊन येणार होता. मी त्याला आमच्या शेतातल्या वांग्यांचं सांगायचे, प्रेसच्या आवाजाचं सांगायचे, दोन ओळींत मावेल तेवढं. त्याचं नाव मी विचारलं नाही, त्यानेही माझं विचारलं नाही. कधी वाटायचं, आत्ता उठावं आणि चालत चाकणला जावं. रस्ता मला माहीत नव्हता. त्या फ्लॉप्या अजून माझ्याकडे आहेत, पण त्या वाचणारं यंत्र आता घरात कोणाकडेच नाही.

मग एका शनिवारी फाइल कोरी आली. मला वाटलं, रजेवर गेला असेल. मनाला काय वाटेल ते वाटत होतं आणि कोणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. पुढच्या फेरीच्या फाइलीत मी लिहिलं, आणि लिहिताना कान गरम झालेले मला आठवतात: 'चूक झाली. गेल्या आठवड्यात काहीच लिहिलं नाहीत. मला करमत नाही.'

ती फाइल बसवून दादा संध्याकाळी घरी आला तो तणतणतच. ताटावर बसला आणि वडी मोडता मोडता आप्पांना सांगू लागला. "चाकणला राडा झालाय. गेटवर टॅगचे नंबर सलग लागत्यात, आन यांचे मधले नंबरच गायब. टेम्पो परत पाठवला. स्टोअरात एक पोरगा हाय, लातूरकडचा, त्यो अर्धी क्रेट काढताना सारखा चुका करतो म्हणं. साहेबांनी मशीनवर अर्धी क्रेट करायलाच बंदी केली. आता सोमवारपासनं काढणारच हायेत त्याला. मला विचारलं, सॉफ्टवेअर चुकतंय का? मी म्हणलं, आपलं सॉफ्टवेअर चुकत नसतं राव, हात चुकतो."

नंबर का गायब होते ते मला त्या क्षणी कळलं. माझा कोड टॅगचा नंबर आधी घ्यायचा आणि मग अडखळायचा. दर वेळी खिडकी उघडली की एक नंबर वाया. आमच्या एकेका बोलण्याला एकेक टॅग खर्ची पडला होता, आणि ते त्याच्या माथी मारलं जात होतं.

"दादा, चूक माझी हाय," मी म्हणाले.

"तुझी कशी?"

"कोडमध्ये हाय. अर्ध्या क्रेटला ती व्हतेच. मला म्हाईत हाय... दोन म्हयने झाले."

दादाने ताट बाजूला सरकवलं. "दोन म्हयने? मग दुरुस्त का न्हाई केलीस?" आई भाकरी थापायची थांबली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि त्या बघण्याने मला धरणी फाटेल तर बरं असं झालं. "तू फाइल दे, मी बसवतो," दादा म्हणाला. मी नाही म्हटलं. "तू बसवशील, पर चूक कुणाची व्हती ते सांगणार न्हाईस." जन्मात पहिल्यांदा मी दादाला असं तोंडावर बोलले. आता आप्पांचा हात उठणार असं वाटलं. आप्पा रस्सा भुरकत म्हणाले, "जाऊ दे तिला. तिनं केलंय, तीच सांगल."

दुसऱ्या दिवशी रविवार. कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणजे चाकण चालूच. मी दादाच्या मागे स्कूटरवर बसले, पर्समध्ये दुरुस्त केलेली फाइल. मोशी मागे पडली तशी दोन्ही बाजूंनी ट्रकच ट्रक, आणि ट्रकांच्या सावलीत खरोखरच माणसं स्टोव्ह पेटवून बसलेली. आज त्या रस्त्याने जायचं तर तास तास गाडी हलत नाही, सगळे वैतागतात. मी वैतागत नाही. मी सावल्यांकडे बघत बसते.

स्टोअर म्हणजे पत्र्याची शेड, तेलाचा वास, भिंतीपर्यंत निळ्या क्रेटी. साहेबांनी माझ्याकडे बघून दादाला विचारलं, "ह्या कोण?" दादाने घसा खाकरला. "बहीण हाय, साहेब. सॉफ्टवेअर हीच करते. पहिल्यापासनं." त्याचं ते वाक्य मी अजून त्याच्या खात्यावर मोठी जमा म्हणून धरते. साहेबांनी हाक मारली, "बालाजी, ये इकडे." आणि क्रेटींमागून तो आला. सावळा, उंच, अंगात कंपनीचा निळा शर्ट एक माप मोठा. मला नाव तिथे कळलं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. त्याला वाटलं असणार, अजून कोणीतरी चूक दाखवायला आलंय.

"साहेब, यांची काही चूक नाही," मी म्हणाले. "मी दाखवते." आणि खुर्चीत बसून मी अर्धी क्रेट टाकली. कळ दाबली त्या क्षणी मला आठवलं, आणि तोवर उशीर झाला होता. खिडकी उघडली. साहेब चष्मा वर करून वाचू लागले, मोठ्याने, नोटीस वाचावी तसे: "चूक झाली. गेल्या आठवड्यात काहीच लिहिलं नाहीत. मला करमत नाही." ते थांबले. "हे काय आहे?"

दादाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, पण मी पाहिलं नाही. मी बालाजीकडे पाहिलं. बंदी घातल्यापासून त्याने अर्धी क्रेट केलीच नव्हती, म्हणजे ते वाक्य तो पहिल्यांदा वाचत होता, चारचौघांत, माझ्यासोबत. त्याने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या हातात सुतळीची गुंडाळी होती ती तो नुसता फिरवत राहिला. मला पळून जायचं होतं. पण पळाले असते तर सोमवारी त्याला काढलं असतं.

"कोडमध्ये चूक असली तरच ही खिडकी उघडते, साहेब," मी म्हणाले. "उघडली. म्हणजे चूक माझी आहे. आता टॅगचा नंबर बघा, एक पुढे गेला. तुमचे गायब नंबर असेच गेले. चूक आहे हे मला माहीत होतं आणि मी ती दुरुस्त केली नव्हती." साहेब माझ्याकडे, बालाजीकडे, दादाकडे आळीपाळीने बघत राहिले. भला माणूस असावा. त्या वाक्याबद्दल त्यांनी पुन्हा एक अक्षर विचारलं नाही. म्हणाले, "दुरुस्त करा मग."

मी जुना ॲड-इन काढला, नवी फाइल टाकली, बसवला. "बालाजी, तू टाक अर्धी क्रेट," साहेब म्हणाले. मी उठले, तो त्याच खुर्चीत बसला. त्याने नग भरले, कळ दाबली. प्रिंटर करकरला आणि टॅग बाहेर आला. खिडकी नाही. "परत," साहेब म्हणाले. दहा वेळा झालं. दहा टॅग, दहा सलग नंबर. साहेबांनी खिशातून त्याला कमी करायची घडी केलेली नोटीस काढली, फाडली आणि बालाजीच्या पाठीवर थाप मारून बाहेर गेले.

बालाजी ते दहा टॅग सुतळीत ओवत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "आता कधीच चूक होणार न्हाई का, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले.

"अर्धी क्रेट असली तरी?"

"असली तरी."

"बरं," तो म्हणाला. "चांगलं केलंत."

परतताना मोशीला स्कूटर थांबवून दादाने दोन चहा सांगितले आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "नंदे, त्या खिडकीचं घरी बोलायचं न्हाई." तो कधी बोलला नाही, मीही नाही. बालाजी दिवाळीआधी पर्मनंट झाला, आणि ते दादानेच पेढा खाता खाता सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न राजगुरुनगरला झालं. माणूस चांगला मिळाला, संसार सुखाचा झाला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण लग्नापर्यंत दादा दर शनिवारी चाकणची फाइल आणायचा आणि दारातूनच ओरडायचा, "नंदे, एक बी चूक न्हाई!" मी तरी ती उघडायचे. लग्नाच्या आदल्या शनिवारी हाताला हळद लागलेली असतानाही उघडली. एकही ओळ नव्हती.